न झाडलेलं घर

राऊत मॅडम कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघायच्या नाहीत, पलंगाखाली बघायच्या. चपला काढता काढताच मान खाली जायची, डोळे बारीक व्हायचे. पलंगाखालून, कपाटाच्या पायांशी, पंख्याच्या पात्यांवरून नजर फिरून आली की मग त्या घरच्या बाईला म्हणायच्या, "वा, छान आहे हो घर." याचा अर्थ घरात भरपूर केर आहे, एवढाच. ज्या घरात तो नसायचा तिथे त्या नुसतं "बरं आहे" म्हणायच्या आणि पाणीसुद्धा न पिता उठायच्या. बिचारी घरची बाई गोंधळून जायची. इतकं चकचकीत ठेवलंय आणि ही मास्तरीण तोंड का पाडून बसली, हे तिला कळायचं नाही. मग जिन्यात मला थांबवून ती विचारायची, "काय चुकलं का हो आमचं?"

वसईतल्या ज्या कॉलेजात मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या, तिथल्या प्रयोगशाळेत मी सहायक. म्हणजे बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणारी, काचेची भांडी धुणारी आणि फुटली तर कुणी फोडली ते लक्षात ठेवणारी. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते प्रेमाने की रागाने, हे मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल. पण रागाचं पारडं जड आहे, हे आधीच सांगून टाकते.

निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली की बाकीचे प्राध्यापक पेन्शनच्या कागदांची जुळवाजुळव करतात. मॅडमनी त्या वयात केर गोळा करायला घेतला. वसई-विरारमधल्या चाळीस घरांतला. बंगले, चाळी, कोळीवाड्यातली घरं, नालासोपाऱ्यातले फ्लॅट, सगळं त्यात होतं. त्यांचं म्हणणं असं की घरातल्या धुळीत आता माती कमी आणि आपणच विकत आणलेल्या वस्तूंचा चुरा जास्त. पडद्यांचे धागे, सोफ्यातला फोम, रंगाचे पापुद्रे, पिशव्यांचे तुकडे, आणि त्यांच्या आडून आलेली शिसं, कॅडमियम असली मंडळी. "आपण घर विकत घेतो, शुभा," त्या म्हणायच्या, "आणि मग ते थोडं थोडं खातो." प्लॅस्टिकचे कण आम्ही आमच्याच सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. धातू तपासायची सोय आमच्याकडे नव्हती, त्यासाठी नमुने मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिथून अहवाल यायला आठवडेच्या आठवडे लागायचे.

मॅडम मूळच्या निर्मळ गावच्या, वाडीवाल्या घरातल्या. घरी भावाशी त्या त्यांच्या बोलीत बोलू लागल्या की मला निम्मं कळायचं नाही. त्यांच्या कापडी पर्समध्ये कायम सुकेळी असायची, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, केळीच्याच सोपटात बांधलेली. विद्यार्थ्याने प्रयोग नीट केला की एक सुकेळं बक्षीस मिळायचं, चुकला तर अर्धं. चहाच्या टपरीवर त्या पर्समधून स्वतःचा स्टीलचा पेला काढायच्या आणि टपरीवाला तो न सांगता विसळून घ्यायचा. एकदा वाडीत केळीच्या बुंध्याशी उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं होतं, "आई घरातला सगळा केर इथे टाकायची. आमच्या घरचा केर केळीनं खाल्लाय. आताचा केर मी भावाला टाकू देत नाही." एवढंच बोलून त्या पुढे चालू लागल्या. त्या केर का गोळा करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पण लोकांकडून केर मागणं ही सोपी गोष्ट नाही. पैसे मागा, साखर मागा, आपली माणसं देतील. केर म्हटलं की बाया सावध होतात. करणीबिरणी करणार की काय इथपासून ते आमच्या घराची अब्रू काढणार की काय इथपर्यंत सगळं डोळ्यांत दिसायचं. मॅडमनी त्यावर एक उपाय काढला. आगाशीच्या बाजारातून त्यांनी चाळीस केरसुण्या आणल्या, शिंदीच्या, कारण प्लॅस्टिकच्या झाडूचेच तुकडे केरात पडतात. प्रत्येक घरी पहिल्यांदा जाताना एक नवी केरसुणी न्यायच्या, तिला हळदकुंकू लावून, लक्ष्मीपूजनाला लावतात तसं. घरची बाई ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि कपाळाला लावायची. तिथून पुढे करणीचा विषय संपायचा. दिवेलागणीनंतर केर घराबाहेर द्यायचा नाही, लक्ष्मी जाते, असं एका घरी ऐकल्यापासून त्यांनी संध्याकाळी जाणंही बंद केलं.

"मॅडम, तुम्ही हे मानता?" मी विचारलं.

"मी नाही मानत. त्या मानतात. केर त्यांचा आहे."

अशी उत्तरं देणाऱ्या माणसावर जीव न जडला तरच नवल.

नियम एकच होता. आम्ही येण्याआधी आठ दिवस घर पुसायचं नाही, आणि पलंगाखाली तर हात लावायचा नाही. हा नियम आपल्याकडे पाळणं किती अवघड आहे, ते आम्हाला एका कोळ्याच्या घरी कळलं. आदल्या दिवशी फोन करून, वेळ सांगून आम्ही गेलो. दार उघडलं आणि फिनेलचा वास आला. लादीत तोंड दिसत होतं. पलंग ओढून त्याच्याखालची जागासुद्धा घासून काढलेली. घरच्या मावशी पदराला हात पुसत अभिमानाने म्हणाल्या, "तुमी येनार म्हनून सकालधरनं घर धुतलाय. बसा, पानी देतंय."

मला हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. खुर्चीवर बसायचं सोडून त्या सरळ मावशींच्या चुलीजवळ खाली बसल्या. "मावशी, तुम्ही मला परकं केलंत हो. घरच्या माणसासाठी कोणी झाडतं का? पाहुण्यासाठी झाडतात." मावशी अगदी ओशाळल्या. आठ दिवसांनी आम्ही न सांगता गेलो तेव्हा पलंगाखाली धुळीचे लोळ साचले होते, आणि चहा आम्हाला कपबशीत न देता घरातल्या स्टीलच्या पेल्यात मिळाला. परतताना मॅडम रिक्षात एवढ्या खूश होत्या की रिक्षावाल्यालाही सुकेळं मिळालं. तेव्हापासून त्या कुणाकडेही सांगून गेल्या नाहीत. घरची माणसं सांगून येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. केरातून प्लॅस्टिक वेगळं काढायचं तर तो मिठाच्या दाट पाण्यात ढवळायचा. माती खाली बसते, प्लॅस्टिक वर तरंगतं. प्रत्येक वेळी आम्ही एक कोरा नमुनाही करायचो, म्हणजे केर न टाकता नुसतं मिठाचं पाणी. त्यात काहीच सापडायला नको. एकदा त्या कोऱ्या नमुन्यातच गुलाबी धागे सापडले. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. "बघ. ही तू आहेस." माझी नायलॉनची ओढणी होती ती. दुसऱ्या दिवसापासून मी सुती कपड्यांवर आले. पण कोऱ्यात कण येतच राहिले, आणि शेवटी कळलं की आम्ही मिठागरावरून आणलेल्या मिठातच प्लॅस्टिक आहे. म्हणजे आधीचे सगळे आकडे बाद. तीन महिन्यांचं काम. मी म्हटलं, "मॅडम, थोडंसंच तर आहे, वजा करून टाकू." त्यांनी वहीतली ती पानं फुलीने खोडली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. नमुनाही दर घरातून दोनदा घ्यायचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. "एक आकडा म्हणजे अफवा, शुभा. दोन म्हणजे पुरावा." हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना कौतुकाने ऐकवलं.

माझं स्वतःचं घर यादीत तेविसावं. माझ्या घरच्या केराची काच बघता बघता मॅडम एक दिवस सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे हल्ली कुणीतरी सोफ्यावर झोपतंय. फोम फार पडलाय." मी लाल झाले. तेव्हा माझं आणि नवऱ्याचं महिनाभर बिनसलं होतं आणि ते खरंच बाहेर सोफ्यावर झोपत होते. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काच बदलली. "घाबरू नकोस. केर बोलतो. मी बोलत नाही." आणि खरंच, तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्यासाठी विस्तवात हात घातला असता.

म्हणूनच मी त्यांना ज्योतीकडे नेलं.

आम्ही राहतो नालासोपारा पश्चिमेला, गास गावाकडच्या रस्त्यावर. मी तिसऱ्या मजल्यावर, ज्योती माझ्या बरोबर खाली दुसऱ्यावर. तिचा नवरा अंधेरीला नोकरीला, सकाळी जातो तो रात्री येतो. ज्योती घरी बसून इमिटेशन दागिन्यांचं काम करायची. आमच्या भागात घरोघर बाया करतात तसंच, फक्त बाकीच्या मणी ओवतात आणि ज्योती सोल्डरिंग करायची, कारण त्यात चार पैसे जास्त. स्वयंपाकघराच्या ओट्याशी गॅसच्या बारीक बर्नरवर एक करडी तार वितळवून ती अंगठ्यांचे आणि साखळ्यांचे सांधे जोडायची. तिची मुलगी चिऊ तेव्हा दीड वर्षाची. घरभर रांगायची, पडायची, सापडेल ते तोंडात घालायची.

ज्योती केर द्यायला तयार नव्हती. "ताई, उगाच काहीतरी निघालं म्हणजे? सोसायटीवाले आधीच गॅसच्या वासावरून कटकट करतात. माझं काम बंद केलं तर मी काय करू?"

मी मॅडमना तसं सांगितलं. त्या आल्या, ज्योतीच्या शेजारी लादीवर बसल्या, चिऊला मांडीवर घेतलं. "कागदावर तुझं नाव नसेल, फक्त अकरा नंबर. आणि काहीही निघालं तरी आधी तुला सांगेन, मग जगाला. काम कसं करायचं ते आपण मिळून बघू." ज्योतीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. माझ्या त्या मानेवर तिने दार उघडलं, हे मी आजही विसरलेले नाही. केरसुणी घेताना ती मॅडमच्या पाया पडली.

पहिला नमुना नेला आणि मग वाट बघणं सुरू झालं. ज्योती मला जिन्यात भेटली की विचारायची, "ताई, आमचा रिपोर्ट आला का हो?" मी मॅडमना विचारायचे. मॅडम म्हणायच्या, "यायचाय अजून." पुन्हा आठ-दहा दिवसांनी ज्योती, पुन्हा मी, पुन्हा "यायचाय अजून." मुंबईचं काम, वेळ लागणारच, असं मी ज्योतीला समजावायचे. तिच्याकडे बसून चहा प्यायचे. चिऊ माझ्या पायांशी लादीवर खेळत असायची.

तीन महिन्यांनी दुसरा नमुना घ्यायला आम्ही न सांगता गेलो, नेहमीसारखंच. मी पलंगाखालचा केर कागदी पिशवीत भरला. तेवढ्यात चिऊच्या तोंडात काहीतरी चमकलं. मॅडमनी झटकन बोट घालून ते बाहेर काढलं. साखळीची कडी होती. मग त्या चिऊला उचलून बेसिनशी घेऊन गेल्या आणि साबणाने तिचे हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, एकदा झाल्यावर पुन्हा धुतले, नखं कोरली, तोंड पुसलं. चिऊ खिदळत होती. ज्योती म्हणाली, "अहो मॅडम, राहू दे की, परत घाणच करणार ती." मॅडमनी पुन्हा साबण घेतला. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला वाटलं, बाईला माया दाटून आली. मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं, हे आठवलं की आता माझाच मला राग येतो.

दुसरे अहवाल आले तेव्हा ते फायलीला लावायचं काम माझं. अकरा नंबरच्या कागदावर शिशाच्या आकड्याखाली मॅडमनी दोन रेघा मारल्या होत्या. चाळीस घरांतला सगळ्यात मोठा आकडा तो, ज्योतीच्या त्या करड्या तारेतून आलेला. तो लावायला मी फायलीचं पान उलटलं तर खाली पहिला अहवाल होता, मॅडमनी स्वतःच लावलेला. त्याही आकड्याखाली दोन रेघा. आणि वर तो मिळाल्याची तारीख, मॅडमच्याच अक्षरात. आम्ही दुसरा नमुना घ्यायला गेलो त्याच्या जवळजवळ अडीच महिने आधीची. पहिला नमुना पाठवल्यावर फार तर दोन आठवड्यांत तो आला होता.

मी ती फाईल घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होत्या.

"मॅडम, हा आला होता."

त्यांनी बघितलं. "हो."

"तुम्ही म्हणत होतात, यायचाय अजून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता काहीतरी सांगतील, नजरचूक, विसर, काहीही. मी विश्वास ठेवायला अगदी तयार होते. पण त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर ज्योतीनं त्याच दिवशी घर धुऊन काढलं असतं."

"काढायलाच हवं होतं!"

"मग दुसऱ्या नमुन्यात काय आलं असतं? काहीच नाही. आणि पहिल्यावर कोणी विश्वास ठेवला असता? मी ठेवला नसता." त्यांचा आवाज वर्गात असतो तेवढाच होता. "एक घर स्वच्छ झालं असतं, शुभा. अशी किती घरं आहेत तुमच्या त्या रस्त्यावर? त्यांच्यासाठी दोन आकडे लागतात."

"पण ती लादीवर रांगते, मॅडम. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तिचे हात धुतलेत."

त्या म्हणाल्या, "धुतले ना." आणि पुन्हा पेन उचललं.

इतकी वर्षं मी या बाईला खोटं बोलता येत नाही असं सगळ्यांना सांगत फिरले होते. मला वाटतं ते खरंही होतं. आकड्यांशी त्या कधीच खोटं बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या. आणि माझ्या तोंडून ज्योतीशी बोलल्या, तेही दर आठवड्याला. जीव लावलेल्या माणसाने आपल्याला खोटं भरवायच्या चमच्यासारखं वापरावं, याचं दुःख काय असतं ते मला त्या दुपारी कळलं.

ज्योतीला मीच जाऊन सांगितलं. तिने बर्नर बंद केला, चिऊला कडेवर घेतलं आणि मला एकच विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. शपथ."

"पण तुम्ही तर रोज येत होतात," ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराबाहेर ती शिंदीची केरसुणी होती. फेकलेली नव्हती. भिंतीशी आडवी, नीट ठेवलेली, कुणाचा पाय लागणार नाही अशी. एवढ्या रागातही तिने लक्ष्मीचा मान राखला होता. ती केरसुणी मी माळ्यावर ठेवली. वापरायचा धीर मला झाला नाही.

चिऊच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी काम घराबाहेर काढायला सांगितलं, खाण्यापिण्याचं सांगितलं, दर काही महिन्यांनी तपासणी सांगितली. ज्योतीने सोल्डरिंग सोडलं, आता ती स्टेशनजवळ साडीच्या दुकानात उभी असते. चिऊचा आकडा उतरतो आहे. ती उशिरा बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, काही मुलं मुळातच उशिरा बोलतात, याचं कारण तेच असेल असं सांगता येणार नाही. ते तीन महिने कुठल्याच कागदावर वेगळे काढून दाखवता येत नाहीत. म्हणून तर ते माझ्या मनातून जात नाहीत.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर मीही केराशी खोटं बोलले असं होईल. मॅडमचा शोधनिबंध छापून आला. त्यात ज्योतीचं नाव नव्हतं, अकरा नंबर होता. दोन-दोन आकडे असल्यामुळे कुणाला तो उडवून लावता आला नाही. बैठका झाल्या, आमच्या रस्त्यावर बायांना बोलावून समजावलं, आणि काम देणाऱ्या दोन-तीन शेठ लोकांनी सोल्डरिंगचं काम घराघरांतून काढून गाळ्यात नेलं. म्हणजे मॅडमचं गणित बरोबर होतं. ते बरोबर होतं हेच मला सगळ्यात जास्त लागतं. चुकलं असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

मी अर्ज देऊन जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. जिन्यात समोरासमोर आलो तर त्या थांबायच्या, मी थांबायचे नाही. त्यांच्या निरोपसमारंभाला मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सोपटात बांधलेलं एक सुकेळं होतं. अर्धं.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. निवृत्त झाल्या तरी काम चालूच होतं. "शुभा, तिसरी फेरी करतेय. काही घरं पुन्हा घ्यायचीत. तेवीस नंबर." मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या सकाळी अकरा वाजता येऊ का?"

मी "या" म्हणून फोन ठेवला. कोळीवाड्यातल्या त्या मावशींच्या घरापासून मॅडम कुणाकडेही सांगून गेल्या नव्हत्या. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी विचारलं होतं.

सकाळी सहाला उठून मी घर झाडायला घेतलं. पलंग ओढला, सोफा ओढला, कपाट नवऱ्याच्या मदतीने पुढे घेतलं. पंखे पुसले, पडदे काढून धुतले, दोनदा फिनेल टाकून लादी पुसली. माळ्याला तेवढा हात लावला नाही. नवरा म्हणाला, "दिवाळीची साफसफाई झाली ना परवाच?" मी म्हटलं, "पाहुणे येणार आहेत."

बरोबर अकराला बेल वाजली. मॅडम बारीक झाल्या होत्या. तीच सुती साडी, तीच पर्स. चपला काढता काढता मान खाली गेली, डोळे बारीक झाले. नजर पलंगाखाली गेली, कपाटाच्या पायांशी गेली, पंख्यावर गेली. फिनेलचा वास तर दारातच होता. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"या ना मॅडम, बसा," मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे केली.

त्या खुर्चीवर बसल्या. माझ्या घरी त्या कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या, स्वयंपाकघरात पाट ओढून बसायच्या, पेला स्वतःच्या हाताने घ्यायच्या. मी ट्रेमध्ये नव्या सेटातल्या कपबशा आणल्या, चिवडा आणला, शेजारी कागदी रुमाल ठेवला. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी बोलतील. ज्योतीचं विचारतील, चिऊचं विचारतील, चुकलं म्हणतील. मी दोन वर्षं त्या एका शब्दासाठी थांबले होते आणि तो आला असता तर मी त्यांच्यासमोर माळ्यावरचा सगळा केर खाली ओतला असता.

त्यांनी चहा संपवला. बशीसुद्धा पुसल्यासारखी कोरडी होती. मग पर्समधून वही काढली, तेविसावं पान उघडलं आणि लिहिलं: केर मिळाला नाही. कारणाच्या रकान्यात पेन जरा वेळ थांबलं. मग लिहिलं: घर झाडलेलं.

"येते," त्या म्हणाल्या.

"या हं परत," मी म्हटलं. पाहुण्यांना म्हणतात तसं.

त्या जिना उतरायला लागल्या. मी कठड्याशी उभी राहून बघत होते. दुसऱ्या मजल्यावर ज्योतीच्या दारात ताजी रांगोळी होती आणि चिऊच्या छोट्या चपला. मॅडम तिथे थांबल्या. बेलकडे हात गेला आणि खाली आला. मग त्या गुडघ्यावर हात टेकून, त्या वयाला जमेल तशा हळूहळू खाली वाकल्या, रांगोळी पुसणार नाही अशा बेताने त्यांनी उंबऱ्यावरून एक बोट फिरवलं, आणि ते बोट खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिल्या. उंबरा स्वच्छ असणार. ज्योती रोज दोनदा पुसते. तरीही त्या बराच वेळ बघत होत्या.

मी हाक मारली नाही. आत येऊन दार लावलं आणि कपबशा विसळायला घेतल्या.